डोळे मिटण्याआधी विचारायचा प्रश्न

मी पहिल्यांदा संमोहित झाले ते खोटंखोटं. तेव्हा मी पाचवीत होते. वडील नेरच्या तहसील कचेरीत कारकून होते आणि शाळेच्या पटांगणात एका जादूगाराचा कार्यक्रम आला होता. काळा कोट, डोळ्यांत काजळ, दहाही बोटांत अंगठ्या. त्याने चार मुलांना मंचावर बोलावलं. त्यात मी होते, कारण कचेरीतल्या लोकांची मुलं पहिल्या रांगेत बसवलेली असायची. त्याने माझ्या डोळ्यांसमोर बोटं फिरवली, काहीतरी पुटपुटला आणि हातात सोललेला कांदा ठेवून म्हणाला, "बेटा, हे काश्मीरचं सफरचंद आहे. खा."

मला काहीही झालेलं नव्हतं. कांदा कांदाच होता. पण समोर एवढे लोक, वडिलांचे साहेब खुर्चीवर, आणि वडील त्यांच्या मागे हात बांधून उभे. मी तो कांदा कराकरा चावून खाल्ला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना "गोड आहे" म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. घरी आल्यावर आईने माझी हनुवटी धरून तोंडाचा वास घेतला आणि म्हणाली, "काश्मीरचं सफरचंद चांगलंच झणझणीत दिसते." तिने ते दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही. पण संमोहन म्हणजे शुद्ध नाटक, हे माझं मत त्या दिवशी पक्कं झालं आणि पुढे पस्तीसएक वर्षं जागचं हललं नाही.

आज मी यवतमाळात दातांची डॉक्टर आहे, पन्नाशीला टेकलेय, आणि घाबरलेल्या पेशंटवर संमोहन वापरते. हे कसं झालं ते नीट लिहून ठेवायचं ठरवलं आहे, कारण लोक विचारतात आणि मी दर वेळी चिडून अर्धंच सांगते. चिडण्याचं कारण पुढे येईलच.

एका दुपारी दवाखान्यात नवरा-बायको आले. फुलसावंगीच्या पलीकडच्या तांड्यावरून, महागावला गाडी बदलून. बाई अडतीस-चाळिशीची असेल. दाराशी दोन पायऱ्या आहेत, त्या चढून ती आत आली आणि भिंतीला हात लावून उभीच राहिली. श्वास पुरत नव्हता. नवऱ्याने शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. लहानपणी सांधेताप येऊन गेला होता, त्यात हृदयाची झडप आकसली होती. आता ती बदलायची, नागपूरला. पण त्याआधी खालच्या दोन दाढा काढायला हव्या होत्या, कारण त्यांच्या मुळाशी पू होता, आणि तो पू रक्तातून नव्या झडपेवर गेला तर सगळंच मुसळ केरात. दाढा निघेपर्यंत ऑपरेशन नाही.

दोन दाढा. माझ्यासाठी अर्ध्या तासाचं काम. मी बाईंना खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला सांगितलं, त्यांनी उघडलं. तपासून झालं. मग माझ्या मदतनीस बाईने अवजारांचा ट्रे सरकवला, तो खणकन वाजला, आणि बाईंनी माझं मनगट असं पकडलं की बांगडी वाकली. ओठ निळसर पडले. नाडी मोजताच येईना. मी ट्रे बाहेर न्यायला लावला, खुर्ची सरळ केली आणि त्यांना पाणी दिलं.

"घरी लय कनखर हाय, म्याडम," नवरा ओशाळून म्हणाला. "साप निघाला तं हेच मारते. मी मांगं उभा राह्यतो."

बाईंनी मग सांगितलं. नऊ-दहा वर्षांची असताना कुठल्याशा गावी दाढ काढायला नेलं होतं. सुई टोचली, पण बधिर व्हायची वाट कोणी पाहिली नाही. "चार जनाईनं धरलं होतं मले. दोघं हाताले, दोघं पायाले. ते सुई दिसली का मले आजही ते हात लागते अंगाले."

मी आणखी एकदा प्रयत्न केला, आठ दिवसांनी. त्या दिवशी तर ट्रेसुद्धा आणला नव्हता, नुसती खुर्ची मागे केली. पुन्हा तेच. हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अशा घाबरण्यात हे हृदय दगा देऊ शकतं, जबरदस्ती नको. पूर्ण भूल देऊन काढावं म्हटलं तर भूलतज्ज्ञ तयार होईनात. दोन दाढांसाठी एवढा धोका कोण घेणार? म्हणजे दाढा काढता येत नाहीत म्हणून ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशन नाही म्हणून बाई दिवसेंदिवस खंगत चाललेली. एसटीची पायरी चढताना तिला मध्ये थांबावं लागतं, कंडक्टर ओरडतो, असं नवरा सांगत होता. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. पंचवीस वर्षं हे काम करतेय आणि एक बाई माझ्या खुर्चीत बसू शकत नाही म्हणून जिवाला मुकणार, हे मला मान्यच नव्हतं.

कॉलेजात आम्हाला भूलशास्त्र शिकवणारे एक सर होते. आता निवृत्त, नागपूरलाच असतात. त्यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "संमोहन करून पाहिलंस?"

"सर, ते नाटक असतं."

"बरं. मग नाटक शिकायला ये. दर शनिवार-रविवार घरी चार डॉक्टरांना शिकवतो. पाचवी खुर्ची आहे."

मी गेले. तीन आठवडे, शनिवारी पहाटेची एसटी, रविवारी संध्याकाळी परत. माझ्या नवऱ्याने घरी टर उडवायची एकही संधी सोडली नाही. "आता पेशंटला कोंबडा करून आरवायला लावशील. दात काढायची गरजच नाही, चोचीला दात नसतातच." हा माणूस कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि घरी फक्त विनोद करतो. मी त्याला म्हटलं, तुझ्यावरच सराव करणार आहे.

सरांनी पहिल्याच दिवशी माझं निम्मं ज्ञान मोडीत काढलं. संमोहन म्हणजे झोप नाही. पेशंटला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, नको असेल ते तो करत नाही. त्याचं लक्ष एका ठिकाणी इतकं गोळा होतं की बाकीचं मागे पडतं, वेदनासुद्धा. "आपण कोणाला काही करत नाही," सर म्हणाले. "एसटीचा कंडक्टर गाडी चालवतो का? तो बेल मारतो आणि पुढचा थांबा सांगतो. तेवढंच आपलं काम. आणि कुठं जायचंय हे विचारल्याशिवाय कंडक्टर तिकीट फाडत नाही, हे लक्षात ठेवा." मी हे वहीत शब्दशः उतरवून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या. त्या रेघांची मला पुढे फार लाज वाटली.

नवऱ्यावरचा सराव फसला. श्वासावर लक्ष द्या म्हणेपर्यंत तो घोरायला लागला. मदतनीस बाई मात्र पहिल्याच खेपेला संमोहनात गेली. तिचा डावा हात हलका होतोय, फुग्यासारखा वर जातोय, असं मी सांगत होते, आणि तो हात खरोखर खुर्चीच्या दांडीवरून उठून वर तरंगायला लागला. मीच दचकले. डोळे उघडून तीही त्या हाताकडे पाहत राहिली. "मॅडम, हा कोनं उचलला?" मी म्हटलं, तूच. "मी तं नाई उचलला," ती ठामपणे म्हणाली. ती खोटं बोलणारी बाई नाही. पगारवाढ मागतानासुद्धा खरं तेवढंच बोलते. त्या दिवशी माझं पस्तीस वर्षांचं मत हललं.

मला स्वतःला मात्र जमत नव्हतं. सरांनी माझ्यावर चारदा प्रयत्न केला. पापण्या जड होताहेत म्हटलं की मी आतून पाहायची, होताहेत का? नाही. पाय सैल पडलेत का? नाही. सगळे डॉक्टर टकाटक जात होते आणि मी आपली परीक्षक होऊन बसलेली. शेवटी मी सरांना कांद्याची गोष्ट सांगितली. ते खूप हसले. "तू अजून मंचावरच आहेस," म्हणाले. "तुझं राहू दे. बाईंचं बघ."

बाईंसाठी मी शब्द लिहून काढले. स्कूटीवर जाताना, कणीक मळताना घोकले. सर उदाहरण द्यायचे ते समुद्राचं, लाटांचं. मी विचार केला, तांड्यावरच्या बाईने समुद्र कुठं पाहिला? आपण आपल्या मातीतलं काही घ्यावं. आणि मला वाटलं, आपल्याला फार हुशारीचं सुचलंय. मी लिहिलं: तुम्ही शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसला आहात. समोर कापूस फुटलाय. जिकडे नजर जाईल तिकडे पांढरंशुभ्र, शांत. मला ते वाक्य इतकं आवडलं की नवऱ्याला वाचून दाखवलं. तोही, नवल म्हणजे, हसला नाही. आम्ही दोघंही कचेरीवाल्यांच्या घरातले. कापसाचं शेत आम्ही आयुष्यभर एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं.

बाई तिसऱ्यांदा आल्या. आज काहीच करायचं नाही, दाढेला हात लावणार नाही, हे मी आधी वचन देऊन सांगितलं. संमोहन म्हणजे काय तेही समजावलं. "मोहिनी नाही ना घालत, म्याडम?" त्यांच्या नवऱ्याने विचारलं. त्याला मी आतच बसवून घेतलं, म्हटलं, तुमच्या डोळ्यांदेखत करते. बाईंनी डोळे मिटले. श्वास हळूहळू लांबला. कपाळावरच्या आठ्या गेल्या. माझी छाती फुगली. मग मी त्यांना धुऱ्यावर नेऊन बसवलं.

"समोर कापूस फुटलाय. सगळं शेत पांढरं झालंय."

बाईंची बोटं हलायला लागली. आधी उजव्या हाताची, मग दोन्ही. बोंडातून कापूस ओढावा आणि कमरेच्या ओटीत टाकावा, अशी भराभर. खांदे ताठ झाले. "बाया किती आल्या?" त्या डोळे मिटूनच पुटपुटल्या. "दोघीच दिसून राह्यल्या. दोघीनं कसं होईन?"

मी म्हटलं, घाई नाही, सगळं शांत आहे.

"आभाळ आलं. भिजन ना कापूस."

"आभाळ नाही ताई, स्वच्छ ऊन पडलंय."

"मंग तपते. बाया दुपारीच घरी जाते."

मी जेवढं सावरायला जावं तेवढं ते शेत अंगावर येत होतं. बाईंच्या कपाळावर घाम फुटला, श्वास वर लागला. मी घाईने आकडे मोजून त्यांना परत आणलं. डोळे उघडले तेव्हा त्या खरोखर दमलेल्या होत्या. दिवसभर वेचणी करून आल्यासारख्या.

नवरा अगदी नम्रपणे म्हणाला, "म्याडम, कापूस फुटला का आमचा जीव खालीवर होते. तुम्ही कायले थे काढलं?"

तोंडघशी पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. ते दोघं गेल्यावर मी वही उघडली. कुठं जायचंय हे विचारल्याशिवाय कंडक्टर तिकीट फाडत नाही. माझ्याच अक्षरात. खाली दोन रेघा. मी एका श्वास न पुरणाऱ्या बाईला, तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात दगदगीच्या जागी, आरामासाठी नेऊन बसवलं होतं, आणि वर ते वाक्य सुंदर आहे म्हणून मिरवलंही होतं. मला स्वतःचा इतका राग आला की वही भिंतीवर फेकली. मग उचलून आणली. राग करून दाढा निघणार नव्हत्या.

तोवर हृदयाच्या डॉक्टरांचाही फोन आला. बाईंच्या पायांवर सूज चढली होती. नागपूरची तारीख लागू शकते, पण दाढांचं काय? मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात काढते. कशाच्या जोरावर म्हटलं ते मला माहीत नव्हतं. पण म्हटलं.

चौथ्यांदा बाई आल्या तेव्हा मी वही बंद ठेवली आणि खुर्चीतही बसवलं नाही. बाहेरच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसले. "ताई, मागच्या वेळी माझं चुकलं. तुम्हाला न विचारता मी शेतात घेऊन गेले. आता तुम्हीच सांगा, तुम्हाला बरं कुठं वाटतं?"

"बरं वाटाले टाइम कुठी हाय, म्याडम?"

"मग असं कोणतं काम आहे, जे करताना दुसरं काही ऐकूच येत नाही?"

त्या विचारात पडल्या. त्यांचा हात मांडीवरच्या पिशवीवरून फिरत होता. पिशवी मी चारही वेळा पाहिली होती आणि एकदाही पाहिली नव्हती. लाल कापड, त्यावर गच्च भरलेलं भरतकाम, मध्ये रुपयाएवढी भिंगं, म्हणजे आरशाचे गोल तुकडे.

"हे घेऊन बसली का खलास," नवराच म्हणाला. "दहा आवाज दिले तरी ओ नाई. चुलीवर दूध उतू जाते. मी म्हंतो, जीव गेला का काय हिचा."

"सुई?" मी विचारलं. माझ्या सुईला घाबरणारी बाई रोज दुपारी दोन-दोन तास सुईतच हरवत होती. मला हसू आलं आणि त्यांनाही.

मी सगळं विचारून घेतलं. कुठं बसता? ओसरीवर, भिंतीला टेकून, भांडी झाल्यावर. कोणी शिकवलं? याडीनं, म्हणजे आईनं. आधी काय करायचं? त्यांनी बोटांनी दाखवलं. भिंग कापडावर ठेवायचं, वरून चार टाके घालायचे, दोन आडवे, दोन उभे. मग सभोवती गोल भरत जायचं. "ते चार टाके कायले?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"ते धरून ठेवते न भिंगाले. नाईतं पडन." त्या म्हणाल्या. चार हातांची गोष्ट त्यांना आठवली की नाही, ते मी विचारलं नाही. मला मात्र आठवली.

मग मी माझी बाजू सांगितली. तुम्हाला कोणीही धरणार नाही. डाव्या हाताचं बोट उचललं की मी थांबेन, कुठंही असले तरी, दाढ अर्धी निघाली असली तरी. आणि बधिर झाल्याशिवाय मी पुढे जाणार नाही, ते तुम्ही सांगायचं, मी नाही.

चार दिवसांनी हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलेलं औषध तासभर आधी देऊन, बोटाला नाडीचं यंत्र लावून, मी बाईंना खुर्चीत बसवलं. खुर्ची आडवी केली नाही. मांडीवर त्यांनीच भरायला आणलेलं कोरं लाल कापड. ट्रे आधीच माझ्या मागे, ओल्या कपड्यावर ठेवलेला, की वाजू नये. बाईंनी डोळे मिटले. मी फक्त विचारत गेले. ओसरीवर आलात? भिंत पाठीला लागली? गार आहे का? भिंग ठेवलं? त्या मान हलवत होत्या. मग उजवा हात कापडावरून उठला आणि हवेत टाका घालायला लागला. पहिला. दुसरा. मी बधिर करायची सुई उचलली.

"हा तिसरा टाका, ताई. जरा ओढ बसेल."

नाडीचा आकडा थोडा वर गेला, पुन्हा खाली आला. हात थांबला नाही. चौथा टाका झाला आणि बोटं गोल फिरायला लागली. जबडा जड झाल्याचं बाईंनी मानेनं सांगितलं, तेव्हाच मी पुढे गेले. पहिली दाढ सहज निघाली. दुसरीचं मूळ मोडलं.

ज्याला नाही म्हणावं ते नेमकं त्याच वेळी होतं. आत राहिलेला तुकडा काढायला वेळ लागणार होता. आणि बाईंचं डावं बोट वर आलं.

मी अवजार त्याच क्षणी बाहेर काढलं. हात वर केले. मदतनीस बाई माझ्याकडे पाहत होती, नवरा उठून उभा राहिला होता. मी विचारलं, "काय झालं, ताई?"

तोंडात बोळे, जबडा बधिर. त्या कशाबशा म्हणाल्या, "धागा सरला."

"मग नवीन ओवा. मी थांबते."

आणि आम्ही तिघं थांबलो. बाईंनी न दिसणारा धागा तोडला, सुई उजेडाकडे धरली, धाग्याचं टोक ओलं करायला बोटं ओठांशी नेली. तोंडातले बोळे लागल्यावर जरा घोटाळल्या, मग पदरानेच टोक पिळून घेतलं. ओवला. गाठ मारली. हात पुन्हा फिरायला लागला. नाडी माझ्यापेक्षा त्यांची शांत होती. मी मुळाचा तुकडा काढला.

डोळे उघडल्यावर त्यांनी पहिल्यांदा मांडीवरचं कापड पाहिलं. तिथे काहीच भरलेलं नव्हतं. त्यांना जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं. नवरा मात्र माझ्या पाया पडायला वाकला आणि मी त्याच्यावर ओरडले, कारण मला रडू येत होतं आणि पेशंटसमोर मी रडत नाही.

पंधरा-वीस दिवसांनी नागपूरचं ऑपरेशन झालं. नवऱ्याचा फोन आला, "झडप बसली, म्याडम." मी सरांना कळवलं. ते म्हणाले, "तिकीट बरोबर फाडलंस." दुसऱ्या खेपेला फाडलं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

सहा महिन्यांनी, दुपारच्या वेळी, बाई दात दाखवायला एकट्याच आल्या. दोन्ही पायऱ्या न थांबता चढून. गळ्याशी पोलक्याच्या वर जखमेचं टोक दिसत होतं. खुर्चीत बसायच्या आधीच सांगायला लागल्या. ऑपरेशननंतर छातीतल्या नळ्या काढतात, ते फार दुखतं. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, ती नळी काढायचं नाव काढलं की किंचाळायची. "मंग मी तिले इचारलं, माय, तुमी हातानं काय करता? ते म्हने, पापड लाटते. म्हटलं, लाटा मंग. पीठ घ्या. लाटनं धरा. पातय लाटा. ते लाटत राह्यली अन् सिस्टरनं नळी काढून घेतली. म्हातारी म्हने, अजून दोन लाट्या बाकी हायेत." बाई हसायला लागल्या. "मंग रोजच कोनी ना कोनी बलावे मले."

मी ऐकत होते. तीन शनिवार, तीन रविवार, एक भरलेली वही, एक वाया गेलेलं कापसाचं शेत. आणि या बाईने पहिल्याच प्रश्नात ते केलं, जे मी चौथ्या भेटीत केलं. मला अभिमान वाटला आणि थोडा हेवाही वाटला. दोन्ही लिहून टाकते.

"तुमी कुठी जाता, म्याडम?" त्यांनी विचारलं.

"मला नाही जमत."

"काहून?"

का कोण जाणे, मी त्यांना कांद्याची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. मला माझ्याच खुर्चीत बसवलं, स्वतः माझ्या गोल स्टुलावर बसल्या. "हातानं काय येते तुमाले?"

"दात काढता येतात."

"थे नाई. लहानपनचं सांगा."

लहानपणचं. मी स्वतःच्याच बोटांकडे पाहिलं. मग आठवलं. चातुर्मासात आई लाख वातींचा नेम करायची. नेरच्या घरात, दुपारी, माझी शाळा सकाळची असायची तेव्हा. तिच्या समोर परातीत कापूस, शेजारी वाटीत राख. कापूस निवडून द्यायचं काम माझं. राहून गेलेली सरकी, काडी, कचरा काढायचा आणि पांढरा पुंजका तिच्या हातात द्यायचा. ती बोटांना राख लावून वळायची आणि मनात मोजायची, ओठ हलायचे. मोजणी चुकेल म्हणून मी बोलायचं नाही. तासच्या तास. आमच्या घरात कापूस एवढाच यायचा, परातीएवढा.

"वाती," मी म्हटलं. "आई वळायची. मी कापूस निवडायची."

"घ्या मंग कापूस," बाई म्हणाल्या. "सरकी हाय त्यात. काढा."

मी डोळे मिटले. पापण्या जड झाल्या का, हे पाहायचं राहूनच गेलं. पुंजक्यात एक सरकी होती, बोटांना कठीण लागली, ती काढून बाजूला टाकली. मग आणखी एक होती. आई मोजत होती. तिला जाऊन सात वर्षं झाली, पण ती मोजत होती, आणि मी बोलत नव्हते. बाईंचा आवाज मधूनमधून येत होता, "हं. द्या त्यायच्या हातात." मी देत होते. राखेचा खरखरीत हात माझ्या तळव्याला लागत होता.

"मॅडम, दोन पेशंट बसलेत," मदतनीस बाई म्हणाली तेव्हा मी डोळे उघडले. तिने मघाशी आणून ठेवलेला चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. माझा अंगठा अजून बोटावर फिरत होता. गाल ओले झाले होते, हनुवटीवरून पाणी अ‍ॅप्रनवर पडत होतं, आणि या वेळी हातात कांदा नव्हता.

बाईंनी मला उठवून खुर्चीतली जागा घेतली, पिशवी मांडीवर ठेवली आणि आपणहून तोंड उघडलं.

"पाहा आता लवकर," त्या म्हणाल्या. "साडेतीनची गाडी हाय माही."